मागच्या फाटकाचं कुलूप

कुलूप आजीनंच पसंत केलं, आणि तेही धडधडीत खोटं बोलून. आता हे काय खोटं बोलायचं वय झालं? पण कोंडीत सापडलं की माणूस बोलून जातो.

मागच्या बागेचं फाटक उघडलं की दहा पावलांवर कालवा. साडेतीन वर्षांची नात भिंगरी त्या फाटकाची कडी काढायला शिकली आणि सुनेच्या तोंडचं पाणीच पळालं. दुसऱ्या दिवशी ती सासूला घेऊन कुलपाच्या दुकानात हजर.

कुलूपवाला जाणता होता. "उन्हापावसातलं कुलूप आहे, ताई. लोखंडी घ्याल तर वर्षात गंजून बसेल. हे पितळी घ्या, वर झाकणही आहे. स्प्रिंग कडक आहे, पोरीच्या हाताला दाद देणार नाही." मग तो आजीकडे वळला. "पण दिवसभर घरी तुम्हीच ना, आजी? जरा फिरवून बघा."

आजीनं किल्ली धरली. अंगठ्यातून कळ निघाली ती थेट कोपरापर्यंत. किल्ली जागची हलली नाही. गेल्या हिवाळ्यापासून बोटं अशी दगा देत होती आणि कुणाला कळू नये म्हणून बाई जिवाचा आटापिटा करत होती. आठवड्यापूर्वी दुधाचं पातेलं हातातून निसटलं, तेव्हाच सून म्हणाली होती, "आई, झेपत नसेल तर स्पष्ट सांगा. पाळणाघरात जागा आहे." झालं! म्हणजे भिंगरी दिवसभर तिकडे, आणि इकडे आजी आणि चार भिंती.

सून पाठमोरी उभी राहून दुसरी कुलपं बघत होती. कुलूपवाल्यानं मात्र सगळं पाहिलं. हळूच म्हणाला, "फाटकाच्या वरच्या टोकाला खिट्टी बसवून देऊ का? पोरीचा हात पोचणार नाही, आणि तुम्हाला..."

"काही नको," आजी मोठ्यानं म्हणाली. "लोण्यासारखी फिरतेय किल्ली. हेच दे."

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून कुलूप बांधून दिलं.

चार दिवस फाटक उघडायची वेळ आली नाही, म्हणून खोटं खपून गेलं. पाचव्या दिवशी दुपारी आजी दोरीवरचे कपडे काढत होती. मागे वळून बघते तर भिंगरी फाटकाच्या पलीकडे! चेंडू खालच्या फटीतून गेला, आणि त्याच्यामागे ही बयाही पोटावर सरपटत गेली होती.

"भिंगरे, आत ये बघू."

"आजी, बदकं!"

आजीनं कमरेची किल्ली काढून कुलपात घातली. उजव्या हातानं फिरवून पाहिली, डाव्या हातानं पाहिली, पदर गुंडाळून दोन्ही हातांनी पाहिली. डोळ्यांत पाणी आलं, किल्ली ढिम्म. गल्ली सामसूम. फोन स्वयंपाकघरात, आणि तो आणायला जायचं म्हणजे पोरगी नजरेआड. भिंगरी कालव्याकडे तीन पावलं चालून गेली. आरडाओरडा केला की ही हसत पळत सुटते, हे आजीला पक्कं ठाऊक होतं. जीव मुठीत धरून ती अगदी हळू बोलली.

"जा बाई. मी गुपित सांगणार होते, पण आता नाही सांगत."

भिंगरी थांबली. "कसलं?"

"कानात सांगायचं असतं ते."

पोरगी एकदा बदकांकडे बघे, एकदा आजीकडे. मग आली दुडूदुडू आणि गजांना कान लावला. आजीनं दोन गजांमधून हात घातला आणि तिचा फ्रॉक मानेपाशी गच्च पकडला.

भिंगरीनं भोकाड पसरलं, लाथा झाडल्या, हाताला चावली. खाली वाकून तिला फटीतून ओढायचं तर आधी हात सोडायला हवा. हात सोडायची आजीची छाती झाली नाही. खांद्यापर्यंत हात गजांत अडकवून ती उभी राहिली. मध्येच बोटं बधिर झाली. फ्रॉक अजून मुठीत आहे की नाही, हे तिला वाकून बघावं लागत होतं. रडून रडून पोरगी तिथंच गजांना टेकून झोपली, आणि सून आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं.

"आई! ही बाहेर कशी? आणि किल्ली तर कुलपातच आहे!"

"मला ती फिरवता येत नाही," आजी म्हणाली. "दुकानातही आली नव्हती."

सुनेनं एका हिसक्यात कुलूप उघडलं आणि पलीकडे जाऊन पोरीला उराशी धरलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू हिला नेशील म्हणून."

सून पोरीला घेऊन निघाली, पण फ्रॉक सुटेना. आजीची मूठ उघडतच नव्हती. सून खाली बसली आणि एकेक बोट सोडवायला लागली, जपून, काचेची असल्यासारखी. सोडवता सोडवता तिलाच हुंदका फुटला.

"उद्यापासून पाळणाघरात घाल तिला," आजी म्हणाली. "फक्त सकाळी मी झोपेत असतानाच ने. जाताना बघवणार नाही मला."