ज्वालाबाबांची दिव्य दृष्टी

शेडमध्ये एवढी गर्दी पगाराच्या दिवशीसुद्धा होत नसे. लेथवाला, वेल्डर, हमाल, समोरच्या गॅरेजातले रिकामटेकडे, सगळे प्लाझ्मा कटिंगच्या मशीनभोवती कोंडाळं करून उभे होते. मधोमध ज्वालाबाबा. डोळे अर्धे मिटलेले, हात वर. हात खाली आला की मालकाने टॉर्चचा खटका दाबायचा. त्याने दाबला, निळी ज्योत निघाली आणि जाड पत्रा लोण्यासारखा कापत गेली.

"लोखंडसुद्धा ऐकतं बाबांचं," हमाल कुजबुजला.

मालकाची विधवा भावजय, सगळ्यांची वहिनी, कोपऱ्यात उभी होती. नवरा गेल्यावर त्याची मशीन तिने हाती घेतली आणि तेव्हापासून ती कापता कापता मध्येच विझायची. टिप बदलून झाली, अर्थिंगची पकड घासून झाली, फिल्टरमधलं पाणी काढून झालं, पण रोग सापडेना. मग दिराने मेकॅनिक सोडून बाबा गाठला. बाबांनी मशीनचं झाकणही न उघडता निदान केलं: बाई पांढऱ्या पायाची आहे, ज्योतीला तिची सावली खपत नाही. आज ते सिद्ध झालं की वहिनीचं काम सुटणार, आणि दोन लेकरांसाठी दिरापुढे पदर पसरावा लागणार.

"आता हिच्या हाती द्या," बाबा म्हणाले.

बाबांचा हात वर गेला, बराच वेळ तसाच राहिला, मग खाली आला. वहिनीने खटका दाबला. वीतभर कापलं आणि ज्योत फट् करून विझली.

"आधी नवरा खाल्ला, आता मशीन," मागून कोणीतरी म्हणालं.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण टॉर्च ठेवून ती कोपऱ्यात परतली. रोज कापताना डोळ्यांपुढे काळी काच असायची, त्यामुळे आजूबाजूचं काही दिसत नसे. आज बघण्याशिवाय दुसरा उद्योगच नव्हता. समोर दाबाची हवा पुरवणारा कंप्रेसर होता. त्याची एक नळी मशीनला जात होती आणि दुसरी पलीकडे रंग फवारणाऱ्या रंगाऱ्याच्या गनला. रंगारी फवारत होता तसा दाबाचा काटा उतरत होता, तो थांबला की चढत होता. मालक पुन्हा कापायला बसला. काटा चढला, तेव्हाच बाबांचा हात खाली आला आणि पत्रा सरळ कापला गेला. तिच्या वेळी मात्र रंगाऱ्याची गन कधीची फुसफुसत असताना, म्हणजे काटा पार तळाला गेल्यावर, आला होता. अर्धे मिटलेले डोळे परमेश्वराकडे नव्हते, काट्याकडे होते.

तिने हात पुसायचं फडकं काट्यावर टाकलं.

"हे काय?" दीर खेकसला.

"धूळ बसते, भाऊजी. बाबांना काट्याशी काय करायचंय? आणखी एकदा होऊन जाऊ दे. माझी सावली नको म्हणून मी दाराबाहेर थांबते."

बाबांचा हात वर गेला तो तिथेच राहिला. एक डोळा उघडला, मग दुसरा. रंगारी आपला फवारतोच आहे. शेवटी हात एकदाचा पडला. मालकाने खटका दाबला आणि ज्योत फट् करून विझली.

"बाई जवळपासच असणार," बाबा म्हणाले.

"मी बाहेरच आहे, बाबा," दारातून आवाज आला. "रंगारीभाऊ, जरा गन खाली ठेवा."

टाकी हवेने भरली आणि कंप्रेसर आपोआप थांबला. वहिनी आत आली, काच ओढली आणि पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कापत गेली. तुकडा खणकन खाली पडला.

"हवा कमी पडली की मशीन स्वतःच विझते," तिने सांगितलं. "काच वर करून बघेपर्यंत काटा परत चढलेला असतो, म्हणून मलाही कळलं नाही. बाबांना कसं कळलं, ते त्यांनाच विचारा. पूर्वी तुम्ही कंप्रेसर दुरुस्त करत होतात का हो, बाबा?"

बाबा झोळी शोधत होते.

"आणि भाऊजी, मी मशीनवर आले त्याच आठवड्यात रंगाऱ्याची गन याच कंप्रेसरला कोणी जोडली?"

"मी," दीर पुटपुटला.

"मग पाय कोणाचे तपासायचे?"

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला वेगळा कंप्रेसर आला आणि वहिनीची मशीन दिवसभर चालली. तेव्हा मंडळी, यंत्र अडलं तर नळी बघा, फिल्टर बघा, काटा बघा. बाईचे पाय बघून आजवर एकही यंत्र सुरू झालेलं नाही.