कटोरीवाल्या बाबाची रक्ततपासणी

रिछाईच्या कारखान्यांमागच्या मैदानात सकाळपासून जत्रा भरली होती. कटोरीवाले बाबा खोकणाऱ्या पोरांचं रक्त तपासत होते. बोटाला सुई टोचायची, थेंब पिवळ्या फडक्यावर घ्यायचा, फडकं कटोरीतल्या ‘नर्मदाजला’त बुडवायचं. ते लालभडक झालं की बाबा डोळे मिटून सांगत, “खून में दोष है.” मग तीन दिवस अंगारा. चौथ्या दिवशी तेच फडकं दुसऱ्या कटोरीत पिवळं होई आणि लोक बाबांच्या पायावर लोळण घेत.

राजश्री पोचली तेव्हा तिच्या भावाच्या, आलोकच्या, खांद्यावर त्याचा चार वर्षांचा मुलगा तनय धापा टाकत होता. राजश्री पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करी. तीन दिवसांपूर्वी तनयचं रक्त तिनेच काढलं होतं. अंगात सूज असली की रक्तात वाढणारा सीआरपी भलताच चढला होता. डॉक्टर म्हणाले, नुसत्या आकड्यावर जाऊ नका, याचा श्वास बघा. न्यूमोनिया आहे, आजच भरती करा. आलोकने बहिणीला फोनवर ‘भरती केलं’ म्हणून सांगितलं आणि पोराला इथे आणलं. खरं काय ते तिला आज आलोकच्या शेजारणीकडून कळलं.

आलोक संरक्षण कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. नमुना पास, तर अख्खा लॉट पास, हीच त्याची पंधरा वर्षांची सवय.

“ताई, तू काहून चिडून राहिली? माझ्या डोळ्यांसमोर टेस्ट झाली. लाल होतं, आता पिवळं आहे.”

राजश्रीला रडूच कोसळणार होतं. तिने बाबांपुढचं कोरं फडकं उचललं आणि रक्ताचा टिपूसही न लावता पहिल्या कटोरीत बुडवलं. लाल झालं. दुसरीत बुडवलं, पिवळं.

“फडकं हळदीचं आहे. इकडे चुन्याची निवळी, तिकडे लिंबाचं पाणी. रक्ताचा यात काही संबंधच नाही, आलोक.”

नास्तिकाची सावली पडली, जल रूठ गया, असं बाबा म्हणाले. लोकांना ते पटलं. रांगेतल्या पुढच्या बाईने मुलीचं बोट पुढे केलं.

आलोकने मात्र पोराला उचलून दवाखान्याकडे धूम ठोकली. उशीर झाला होता. तनय दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

आता दर रविवारी, सुटीच्या दिवशी, आलोक मैदानाच्या वाटेवर उभा असतो. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, “भैया, पोराचा सदरा वर करा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का पाहा. पडत असेल तर आधी दवाखाना गाठा. मी नाही गाठला.”

बहुतेक जण सदरा वर न करताच पुढे जातात.