घोंगडीखालची पिशवी

गड्यामाणसाचं दुखणं सगळ्यांत शेवटी त्याच्या घरच्यांनाच कळतं. दगडोबांचंही तसंच झालं. लघवी पार अडली, पोट नगाऱ्यासारखं ताठलं, तेव्हा कुठे ते सेनगावच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नळी घालून पिशवी लावली आणि प्रोस्टेटची गाठ वाढलीय, नांदेडला जा, असं बजावलं. दगडोबा गेलेच नाहीत. भर उन्हातही पिशवीवर घोंगडी टाकून ओसरीवर बसू लागले.

शेवटी त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, पुतणीला, शिवकन्येला बोलावलं. शिवकन्येचे वडील ग्यानबा, दगडोबांचे थोरले भाऊ, गेल्याच वर्षी वारले होते. हीच तकलीफ अंगावर काढून त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती.

"काका, नांदेडला काहून जाऊन नाही राहिले?"

"लेकीबाळींनी असलं विचारू न्हाई," दगडोबा भिंतीकडं बघत म्हणाले.

"चुलता बी बापच असतोय. बापाला विचारलं तर काय बिघडलं?"

"पोट फाडतेत, माय! मग माणूस कामाचा राहत न्हाई."

"आता तरी कोणत्या कामाचे हायेत?" आतून कौशल्याबाई म्हणाल्या.

शिवकन्या हसली. "मी डॉक्टरला विचारून आले, काका. जांघेच्या न्हाईतर मनगटाच्या शिरेतून बारीक नळी नेतेत, गाठीला जाणारं रक्त कमी करतेत. गाठ हळूहळू आकसते. पोट फाडायचं कामच न्हाई. तुमाला ते चालंल का, हे तपासून सांगतील."

दगडोबांनी घोंगडी पिशवीवर आणखी ओढून घेतली.

"परवा तुमचा मेंढा मुतेना, तवा काय केलं?"

"ढोरांचा डॉक्टर आणला. तुंबलं की मरतंय जनावर!"

"कसं कळलं?"

"कण्हत होता की."

"बाबा माह्या शेजारच्या खोलीत होते, काका. कण्हलेबी न्हाईत."

दगडोबांनी पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. मग हळूच घोंगडी बाजूला सारली.

"सकाळची जीप कितीला हाय गं?"

तपासण्या झाल्या, शिरेतूनच उपचार झाला. गाठ आकसायला काही आठवडे लागले आणि पिशवी सुटली! त्यानंतर एकदा पारावर तांड्यावरचा थावरा सारखा उठून आडोशाला जाताना त्यांना दिसला.

"कितींदा उठून राहिला रं?"

"वय झालं, दगडोबा."

"वय न्हाई, गाठ असंल! चल, मी येतो संगं. लाज वाटली तर माह्या नावावर ढकल!"

मंडळी, घरातल्या वडीलधाऱ्यांना 'जेवलात का' हे आपण रोज विचारतो. लघवीला त्रास होतो का, हेही विचारा. ते चिडतील, विषय बदलतील. तरी विचारा. ते आहेत तोवरच विचारता येतं.