चपट्या तोंडाची गाडी

सांगलीच्या हळद बाजारात सुकुमारअण्णांची पेढी होती. त्यांचा लांब नाकाचा ट्रक मानसिंग चालवायचा. सांगलीहून हळदीची पोती मुंबईला न्यायची, येताना मिळेल तो माल आणायचा. मानसिंग विट्याजवळचा, आधी लष्करात ड्रायव्हर. एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानात गाडी उलटली आणि त्याचा उजवा गुडघा कायमचा आखडला. पायात ताकद होती, पण गुडघा अर्ध्याच्या पुढे वाकत नव्हता.

नाकाच्या गाडीत त्याचं काही अडत नसे. इंजिन पुढे नाकात, त्यामुळे पायाला ऐसपैस जागा. पाय लांब सोडून बसायचं आणि घोट्यानं काम करायचं. मानसिंग लंगडतो हे अण्णांना माहीत होतं, पण तो गाडीत कसा बसतो याकडे कधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

शहात्तर सालच्या थंडीत अण्णा म्हणाले, "मानसिंग, नवी गाडी घेतोय. चपट्या तोंडाची."

"का वो अण्णा? हिचं काय बिघडलंय?"

"बिघडलं न्हाई. पर डिझेलचा भाव कुठं गेलाय बघ की. नाक निस्तं जागा खातंय. चपटीत डायव्हर इंजिनाच्या शेजारी बसतो, मागं माल भरायला हौदा लांब मिळतो. तेवढ्याच डिझेलात चार पोती जास्त. आता समदे तसलीच घेणार, गड्या. नाकं जाणार."

मिरजेच्या एका दोस्ताच्या चपट्या गाडीत मानसिंग एकदा बसून आला होता. पाय लांब करायला जागाच नव्हती; गुडघा समोरच्या फळीला टेकला आणि पाऊल ब्रेकपर्यंत पोचेचना.

घरी त्याची बायको विजयमाला म्हणाली, "आवं, मग अण्णांस्नी सांगा की तसं."

"काय सांगू? माज्या पायापायी जुनी गाडी ठेवा म्हनू? लष्करातनं आलो तवा लंगड्याला कुनी गाडी देत नव्हतं. त्यांनी दिली. नवी गाडी पुण्यास्नं आनून देतो आनि दुसरा डायव्हर बघा म्हनतो."

तेव्हा चपटी गाडी कारखान्यातून उघडीच यायची. चाकं, इंजिन, स्टेअरिंग आणि मागे लोखंडाचा लांबलचक सांगाडा, म्हणजे चेसिस. केबिन आणि हौदा गावातला मिस्त्री बांधायचा. ड्रायव्हरनं सांगाड्यावर एक लाकडी खोकं दोरीनं आवळायचं, त्यावर बसायचं आणि वारं खात यायचं.

पुण्यात मानसिंगनं खोकं बांधलं ते पाय सरळ राहील इतकं मागं. स्टेअरिंगला हात जरा ताणावे लागले, पण ब्रेक झकास लागत होता. कात्रज उतरून शिरवळच्या माळावर आला आणि वाऱ्यानं त्याला गाठलं. काच नाही, छप्पर नाही. वारं सरळ छातीवर आपटत होतं. थोडं वाकलं की तेच वारं डोक्यावरून निघून जायचं, ताठ बसलं की ढकलायचं. इतकी वर्षं गाडी चालवली, पण गाडीला काय सोसावं लागतं ते त्याला आज कळलं.

साताऱ्यात त्याची बहीण हरणाबाई राहायची. भावाचे निळे पडलेले ओठ बघून तिनं त्याला चुलीपुढं बसवलं, पिठलं-भाकरी वाढली आणि निघताना नवऱ्याची घोंगडी त्याच्या छातीला गुंडाळून पाठीमागं गाठ मारली. त्या उबेवर तो सांगलीत पोचला.

केरबा मिस्त्रीचा कारखाना बसस्टँडच्या मागं होता. केरबा साठीला आलेला, बोलका माणूस. मानसिंग खाली उतरताच त्यानं चेसिसभोवती फेरी मारली.

"झ्याक हाय. नाकाच्या गाडीला तोंड कंपनीचं असायचं, आमी निस्ती पाठ जोडायचो. हिचं समदं तोंड माज्या हातचं!" मग तो खोक्यापाशी थांबला. "ह्ये एवढं मागं का रं बांधलंस?"

"असंच."

"असंच न्हवं. कंबर मोडंल अशानं. कुनी बांधत न्हाई असं."

मानसिंगनं मग सांगून टाकलं. गुडघा, ब्रेक, नोकरी सोडायचा बेत, सगळं. केरबानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बस बघू परत त्याच्यावर. कसा बसला हुतास तसाच बस." त्यानं टेप काढला. "मालक गाडीचा. केबिन डायवरची असती. मागची भिंत हितं घेतो, स्टेअरिंगचा दांडा लोहाराकडनं तुज्याकडं कलता करून घेतो. पायरी खाली सोडतो आनि धरायला दांडी."

"आनि हौदा?"

"हौदा तेवढा आखूड हुणार. त्ये अण्णांस्नी इचारावं लागंल."

केरबा त्याच संध्याकाळी पेढीवर गेला. मानसिंग मागं, मान खाली घालून. केरबाचं सांगून झाल्यावर अण्णांनी मानसिंगच्या पायाकडं बघितलं.

"एवढी वर्सं माजा माल न्हेतोस आनि ह्ये मला मिस्त्रीकडनं कळावं?" ते म्हणाले. "आखूड तर आखूड. मिस्त्री, तुमी बांधा. दोन पोती कमी बसतील. पर मानसिंग गाडीवर हाय म्हंजे मी घरात बिनघोर झोपतोय, त्येचं काय?"

मानसिंगनं अण्णांच्या पायाला हात लावला, तसा अण्णांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "लष्करातला माणूस तू, असं वाकू नगं," म्हणाले आणि चहा सांगितला.

गाडी बांधून होईपर्यंत मानसिंग रोज कारखान्यात जायचा. रंधा मारताना केरबा वाटेतल्या वाऱ्याचं सगळं खोदून विचारायचा. "वाकलं की डोक्यावरनं जायचं म्हनतोस?" मग त्यानं काच जरा मागं कलती धरली, कोपरे गोल केले, टपावरची उभी फळी काढून तिरकी बसवली. बाजारातली माणसं हसली. हे काय भाकरीसारखं तोंड, म्हणाली.

पहिल्या फेरीला अण्णांनी चाकाखाली नारळ-लिंबू ठेवलं. विजयमालानं काचेला हळदकुंकू लावलं आणि केरबाच्या कपाळालाही लावलं. केरबा संकोचला. मानसिंग म्हणाला, "मिस्त्री, चढा. कऱ्हाडापातुर चला माज्यासंगं."

केरबानं आयुष्यभर गाड्या बांधल्या, पण आपण बांधलेल्या भरल्या गाडीत बसून लांब कधी गेला नव्हता. इंजिनाच्या झाकणाशेजारी तो पाहुण्यासारखा बसला. मानसिंगचा पाय सरळ होता, टाच फळीवर निवांत टेकली होती. इस्लामपूर मागं पडलं. समोरून एकामागून एक नाकाच्या गाड्या येत होत्या.

"अजून त्यांचंच राज हाय की," केरबा म्हणाला. "जातील ह्या?"

"जातील. अण्णा म्हनत्यात तसं जातील." मानसिंगनं समोरच्या एका नाकाच्या गाडीला हात केला. "पर मला तिनंच जगवलं, मिस्त्री. वंगाळ न्हाई बोलवत. आनि आता तुमी जगवलं."

केरबानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण त्याचे डोळे भरले होते.

कऱ्हाडला गाडी थांबली. केरबा दांडी धरून उतरला आणि पुढं जाऊन उभा राहिला. वाटेत काचेवर, गाडीच्या कपाळावर चिलटं चिकटली होती. प्रत्येकाचा बारीक ओघळ वरच्या बाजूला, टपाकडं गेला होता. केरबानं बोट त्या रेघेवरून वरपर्यंत नेलं.

"मानसिंग, हिकडं ये," त्यानं हाक मारली. "बघ. वारं हितनं वर गेलं."