छाटीतली चिप

हिवाळ्यातल्या सकाळी नऊच्या सुमाराला गिरण्यांकडून उकड्या तांदळाचा कोमट वास गल्लीत उतरतो, जंक्शनवरून सुटलेल्या गाडीची शिटी दुकानाच्या शटरला थरथरवून जाते, आणि उन्हाची एक तिरपी पट्टी माझ्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यावर येऊन टेकते. त्या पट्टीत एक हात उचललेला असे. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चाळीस पायांची काळी चिप, मान किंचित डावीकडे कललेली, डोळे अर्धे मिटलेले. फुलवंताबाई ती चिप पाहत आहेत की तिचं काही ऐकत आहेत, हे मला कधीच कळलं नाही. मग नखाचा एक बारीक खरखर आवाज होई, वाळल्या पानावरून मुंगळा चालत गेल्यासारखा, आणि त्या चिपच्या नशिबाचा निकाल लागे. शेजारच्या स्टुलावर मी बसलेला असे. माझं सोल्डरिंग आयर्न तापायला पाच मिनिटं घेई; मी त्याच्या आधीच तापलेला असे.

दुकान टीव्ही दुरुस्तीचं. जीव मात्र गुंतलेला चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांत. टीव्हीला जोडायची ती कीबोर्डएवढीच यंत्रं. आजच्या पोरांना दाखवली तर विचारतील, बाकीचं कुठे आहे? त्यांच्या पोटातल्या कितीतरी चिप्स आता जगात कुठेच बनत नाहीत. एक गेली की तिच्या जागी दुसरी निवडायची ती मेलेल्या यंत्रांच्या देहातून, कुणाच्या अडगळीतून, नाहीतर दूरच्या व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबून. ही निवड म्हणजेच सारी विद्या. सोल्डर काय, कुणालाही लावता येतं. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना फार ऐटीत ऐकवत असे, आणि आपल्याला नेमकी तीच विद्या येत नाही हे मला फार उशिरा उमगलं.

फुलवंताबाई दुकानामागच्याच गल्लीत राहत. तीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या. पुढे ते काम आटत गेलं, तेव्हा जुने बोर्ड ब्रशने झाडायला म्हणून मी त्यांना बोलावलं. मीच. दैवाला दोष द्यायची सोयही मी ठेवली नाही. चौथ्या दिवशी उदार होऊन त्यांच्या हातात आयर्न दिलं, आणि महिन्याभरात त्या हाताने चाळीस पायांची चिप बोर्डातून अशी उचलली, जसा झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढून घ्यावा. माझ्या हातून तेच काम होई तेव्हा बोर्डावरच्या तांब्याच्या रेघाही सोबत निघून येत, पाहुण्याला निरोप द्यायला सारं घर स्टेशनवर जावं तशा.

चिप निवडण्याची माझी रीत साधी होती. अक्षरं ठळक, अंग चकचकीत, पाय सरळ, की घेतली. फुलवंताबाईंना ती अक्षरं वाचताच येत नसत. त्या चिपची पाठ चाचपत, पोट उलटून पाहत, कडेचा खडबडीतपणा बोटाच्या पेराने जोखत. तेंदूचं पान ओल्या फडक्यातून काढल्यावर त्याची जाडी, शीर, लवचीकता पेराने ओळखणारी ती बोटं. त्यांच्यापुढे प्लास्टिकची पाठ काय लपवणार? एखाद्या भामट्याने जुन्या चिपची पाठ घासून, रंग चढवून, वर दुसरंच नाव छापलेलं असलं तर तो रंग त्यांच्या नखाखाली येई. त्या नख पुसत आणि चिप बाजूला ठेवत. फेकत मात्र कधीच नसत.

त्यामागे एक जुनी सल होती. विडीच्या ठेकेदाराकडे माल नेला की तो विड्यांचे कट्टे उलटसुलट करून नाकारलेल्या बाजूला सारी. त्याला छाट म्हणत. दिवसभर पाठ मोडून वळलेली विडी त्याच्या एका फटक्यात छाट होई, आणि काऊन म्हणून विचारलं तर उत्तर मिळत नसे. तीस वर्षं दुसऱ्याच्या निकालाखाली वाकलेल्या त्या बाईने निकाल द्यायची पाळी आपल्यावर आली तेव्हा एक नेम केला होता: नाकारायची वस्तू दोनदा हाती घ्यायची. माझ्या टेबलाखालच्या टाकाऊ चिप्सच्या डब्याला छाट हे नाव त्यांनीच दिलं, आणि ते देताना माझ्याकडे असं पाहिलं, की पहिला छाट मीच.

मी काय काय केलं नाही? त्यांच्या बाजूचं ऊन अडेल असा पंखा सरकवला. गिऱ्हाईक आलं की मुद्दाम इंग्रजी शब्दांचा धुरळा उडवला. एकदा भिंग लपवून ठेवलं. त्यांना त्याची गरज नव्हती, पुढचे दोन दिवस मीच ते शोधत राहिलो.

अशा या माझ्या संसारात राइस मिलवाले मनोहरभैया एक यंत्र घेऊन आले. शाळकरी वयात वडिलांनी घेऊन दिलेलं, आता टीव्हीवर नुसती करडी वाळू दाखवणारं. मिलच्या गोदामात अशी आणखी आठ यंत्रं त्यांनी हौसेनं जमवली होती. हे जिवंत झालं तर ती आठही त्याच हाती सोपवू, असं ते म्हणाले. आठ! मी त्या रात्री जेवताना ती आठही मनात उघडून पुन्हा बंद केली.

दोष चित्राच्या चिपमध्ये होता, एवढं मी बरोबर ओळखलं. माझ्याकडे तशी एकच जुनी चिप होती, निस्तेज, पाय काळवंडलेले. ती बसवली, वाळू तशीच. मी तिला तत्काळ मृत घोषित करून छाटीच्या डब्यात टाकलं आणि बाहेरून एक नवी मागवली. आली ती आरशासारखी. तिच्या पाठीत मला माझा चेहरा दिसला, आणि तो मला आवडला. फुलवंताबाईंनी नुसतं नख टेकवलं.

"भाऊ, साडी नवी हाये. आतमंदी कोन हाये, थे नाई समजून राहिलं."

मत्सर कानाने बहिरा असतो. मी ती बसवली. पाचव्या मिनिटाला ती चहाच्या कपासारखी तापली आणि दहाव्याला तिने प्लास्टिकचा कडवट दर्प सोडून देह ठेवला. बोर्डच गेला आहे, असं मी जाहीर केलं. खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरं वाटलं. यंत्र मेलं तर कुणाच्याच हातून जगणार नाही, आणि हरणारा मी एकटा राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या कोहमाऱ्याला एका ढाब्याचा टीव्ही बघायला गेलो. उतरत्या उन्हात परत आलो तर दुकानातल्या टीव्हीवर पांढराशुभ्र पडदा उजळलेला, त्याला निळी चौकट, आणि कोपऱ्यात एक छोटा चौकोन नाडीसारखा लुकलुकत होता. तो उजेड फुलवंताबाईंच्या गालांवर पडला होता. त्या हसत नव्हत्या. हसल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

माझ्याच छाटीतली ती निस्तेज चिप त्यांनी उलटी करून पाहिली होती. मी बसवताना तिचा एक पाय भोकात न जाता आतल्या बाजूला मुडपला होता, आणि वरून सारं कसं नीट बसल्यासारखं दिसत होतं. तो पाय त्यांनी न तोडता सरळ केला, शाईच्या खोडरबराने काळेपण उतरवलं, आणि तिला पुन्हा तिच्या जागी नेऊन टेकवलं.

"मरन कायले?" त्या म्हणाल्या. "एक पाय पोटाखाली मुडपून होता. तुमी खुर्चीत बसवलं, पन पाय टेकूच नाही देल्लं."

मनोहरभैया आले तेव्हा मात्र माझी जीभ माझ्याआधी धावली. चिप मी निवडली, खास बाहेरून मागवली, असं मी त्यांना सांगून मोकळा झालो. ते हरखले. निवडलेली ती चिप डोळ्यांनी पाहायची म्हणून त्यांनी झाकण उघडलं. आत, त्या काळ्या चिपच्या कमरेभोवती, गुलाबी धाग्याचा एक वेढा आणि इवलीशी गाठ. तपासून पास झालेल्या चिपला खूण म्हणून फुलवंताबाई विडीचा धागा बांधत, हे मी रोज पाहत होतो आणि त्या क्षणी नेमका विसरलो होतो. धागा कसला, असं मनोहरभैयांनी विचारलं. कंपनीच बांधून पाठवते, असं मी म्हणालो. इतकं मूर्ख वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही, आणि स्पर्धा मोठी आहे.

मनोहरभैया याच शहरात वाढलेले. ते वाकले, पुन्हा पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "भाईसाब, ये तो बीड़ी की गाँठ है."

फुलवंताबाई ब्रशचे केस सरळ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मले भाऊनंच शिकवलन," त्या म्हणाल्या. "पन चिप भाऊच्या छाटीतली होये."

दोन्ही वाक्यं खरी होती. पहिल्याने त्यांनी मला वाचवलं आणि दुसऱ्याने वाचवण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नाही. त्यांनी माझी फजिती केली असती तर मी त्यांच्यावर रागावून सुखाने जगलो असतो.

ती आठ यंत्रं माझ्याकडे आली नाहीत. फुलवंताबाईच त्यांच्याकडे गेल्या. मिलच्या कचेरीमागे पूर्वेच्या खिडकीशी त्यांना टेबल मिळालं. जाण्याआधी त्यांनी मलाही येऊन बसायला सांगितलं, कधीमधी, हात मोकळा असला म्हणजे. मी म्हणालो, हातात फार काम आहे. हातात तेव्हा चहाचा रिकामा ग्लास होता.

मागच्या आठवड्यात मी त्या बाजूने गेलोच. मुद्दाम नव्हे, असं मी सायकललाही सांगितलं. खिडकीत भुशाची बारीक धूळ सोन्यासारखी तरंगत होती आणि तिच्यापलीकडे त्या एका चिपवर वाकलेल्या होत्या. नवं टेबल, नवा उजेड. तिथे माझ्यासारखा सावली पाडणारा कुणी नव्हता. मी हाक मारली नाही. परत येताना लक्षात आलं की त्यांच्या साडीचा रंग मला सांगता येणार नाही, त्यांच्या घरी कोण कोण आहे हे मी कधी विचारलं नाही. पण त्यांची तर्जनी चिपच्या कडेवर कुठे थांबते, श्वास कुठे अडतो, नकार देण्याआधी पापणी किती वेळ मिटते, हे सारं मला पाठ आहे. आपल्या माणसांकडे आपण कधी इतकं टक लावून पाहत नाही. म्हणून ती गेल्यावर काळ त्यांचे चेहरे हलके हलके पुसू शकतो, आणि ज्यांचा जन्मभर हेवा केला त्यांची एक रेघही त्याला पुसता येत नाही.