कोऱ्या पाठीचे दगड

डोंगरवाटेवर खुणा रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या हातून घोडचूक झाली होती, आणि ती त्याला उमगली तेव्हा त्याची थोरली बहीण माथ्यावर होती.

वनखात्याच्या साहेबाला नव्या वाटेचं उद्घाटन उरकायचं होतं. पिवळे बाण फोटोत दिसले पाहिजेत, बस्स. स्वतः चढायची वेळ त्याच्यावर थोडीच येणार होती; खुर्चीला कसला आलाय घाट! रंगारी घाईघाईने चढत गेला आणि समोर येईल त्या दगडाच्या तोंडावर बाण ओढत गेला. माथ्यावर रंग संपला, तसा मान खाली घालून उतरला. वर जाणाऱ्याला बाणच बाण, खाली येणाऱ्याला दगडांच्या कोऱ्या पाठी. 'काम पूर्ण' या कागदावर सही मात्र त्याने ठोकली होती.

हे त्याच्या डोक्यात उजाडलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, रंगाचा नवा डबा घरी आणून ठेवताना. जिना चढताना गुडघ्यांना शिव्या घालणारी ताई, भावाने रंगवलेली वाट म्हणून सकाळीच हौसेने गेली होती. अर्धा डोंगर धुक्याने गिळलेला. वरच्या फाट्यावर उतरताना वाट चुकली की पुढे सरळ कडा.

साहेबाला फोन केला तर तो म्हणे, बोभाटा करू नकोस, उद्या बघू. रंगाऱ्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, डबा-ब्रश उचलला आणि धावत सुटला. हाका मारून मारून घसा बसला. जंगल ढिम्म.

फाट्याजवळ धुक्यातून एक पाठ उतरताना दिसली. ताई उलटी चालत होती, काठीने मागची जमीन चाचपत. दगड ओलांडला की त्याच्या तोंडावर बाण दिसे. दिसला तर वाट बरोबर, नाही तर पुन्हा आधीच्या दगडापाशी.

रंगाऱ्याने मटकन बसकण मारली. त्याला हसूच आलं. ताई मात्र दम घेत म्हणाली, "लहानपणी पुढून तेवढी आंघोळ करायचास. पाठ मला चोळायला लागायची. पन्नाशी आली, तरी तेच."

"ताई, चुकलं माझं."

"ते दिसतंय मला. डबा उघड."

फाट्यावरच्या दगडाच्या पाठीवर त्याने बाण ओढला. तो वाकडा आला. ताई चार पावलं वर जाऊन उभी राहिली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, वाकडा असू दे, घरी नेतोय ना.