पाचवा उद्गार

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या उपासनेत पाचवा उद्गार सावळीराम मास्तरांचा, हे चर्चच्या मंडळीत इतकं ठरून गेलं होतं की त्यासाठी त्यांना कोणी विचारायलाही येत नसे. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला. त्या सात बोलण्यांवर बारा ते तीन या वेळात सात जण बोलतात. त्यातला पाचवा, 'मला तहान लागली आहे', एकोणीस वर्षं मास्तरांकडे होता. मास्तर शरणपूर भागातल्या प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं भाषण असं बांधीव, की एक शब्द सैल सापडायचा नाही. यरुशलेमेत शिरताना प्रभू बसला ते गाढवाचं शिंगरू, शिपायांनी चिठ्ठ्या टाकून घेतलेला तो अंगरखा, ओठाला लावलेली ती आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, सगळं देवाने कसं आधीच योजून ठेवलं होतं, हे ते संदर्भासह सांगत.

म्हणून शुक्रवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चचे नवे पाळक सुनील साळवे दुपारी घरी आले, तेव्हा मास्तरांनी चष्मा पुसून घेतला. यंदा विचारायची रीत पाळताहेत, बरं वाटलं त्यांना.

पाळकांनी चहा संपवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या कलाबाईंकडे वळून म्हणाले, "मावशी, पाचवा उद्गार यंदा तुम्ही घ्याल का?"

कलाबाई मास्तरांची बायको. मिशनच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं आया होत्या.

"मी?" त्या म्हणाल्या.

"शेवटच्या घटकेला माणसाला तहान कशी लागते, हे आपल्या मंडळीत तुमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही."

"विचार करून कळवतो आम्ही," मास्तर मध्येच बोलले.

कलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग पाळकांकडे. "मला वाचून बोलता येत नाय. उभी राहून जेवढं येईल तेवढं बोलंन."

"तेवढंच हवंय," पाळक म्हणाले.

पाळक गेले. आपल्याला राग आलेला नाही, काळजी वाटते आहे, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. विंचूरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली बाई, लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी तिच्या तोंडचं 'हाय' आणि 'नाय' सुटलं नव्हतं. चर्चमध्ये प्राध्यापक बसतात, डॉक्टर बसतात. त्यात दुसरा उद्गार सांगणाऱ्या भिंगारदिवे वकिलांचा फोन आला. "मास्तर, उद्गार घरातच राहिला म्हणायचा," ते हसत म्हणाले. मास्तरही हसले, पण फोन ठेवल्यावर कागद आणि पेन शोधायला लागले.

सोमवारी त्यांनी सहा पानं लिहून काढली, मोठ्या अक्षरात, कठीण शब्द टाळून, आणि कलाबाईंना वाचून दाखवली. कलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पण हे तुमचं हाय. माझ्या तोंडात बसायचं नाय. त्यापेक्षा शास्त्रातली ती जागाच वाचा."

मास्तरांनी जरा घुश्श्यातच वाचलं. संपल्यावर त्या म्हणाल्या, "परत." त्यांनी परत वाचलं.

"ती आंब दिली कोणी?"

"तिथल्या शिपायांनी."

"खिळे ठोकले तेच?"

"तेच."

"मग त्यानं घेतली का?"

"घेतली. खिळे ठोकण्याआधी एकदा गुंगीचं पेय देऊ केलं, ते त्याने घेतलं नव्हतं. हे घेतलं."

कलाबाईंचा हात सुपात थांबला. मग त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

शुक्रवारी ऊन मी म्हणत होतं. चर्च पांढऱ्या साड्यांनी आणि पांढऱ्या सदऱ्यांनी भरून गेलं होतं. वेदीवर फुलं नव्हती, क्रुसावर काळं कापड होतं. मास्तर तिसऱ्या बाकावर बसले होते. एकोणीस वर्षांत स्वतः बोलताना त्यांनी कधी घड्याळाकडे पाहिलं नव्हतं, आज सारखं पाहत होते. चौथं गीत संपलं. कलाबाईंचं नाव पुकारलं गेलं. दुखऱ्या गुडघ्यांनी, कठड्याला धरून त्या पुलपिटावर, भाषणाच्या उंच चौथऱ्यावर चढल्या.

"सगळ्यांना सलाम," त्या म्हणाल्या. "मी वॉर्डात एकतीस वर्षं काम केलं. माणूस जायला निघतो तेव्हा लय मोठं काही मागत नाय. पाणी मागतो. डॉक्टर म्हणतात, तोंडानं काही द्यायचं नाय. मग आम्ही कापसाचा बोळा भिजवून ओठाला लावतो. तेवढं चालतं.

"एक म्हातारे बाबा होते. गाव सांगत नाय, नाव सांगत नाय, त्यांची माणसं अजून हायेत. चादर मी बदलायची, अंग मी पुसायचं, ते त्यांना चालायचं. माझ्या हातचं पाणी चालायचं नाय. का, ते इथं सगळ्यांना ठाऊक हाय."

चर्चमध्ये कागदाने वारा घेणारे हात थांबले.

"पाणी त्यांचा मुलगाच ओठाला लावायचा. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी मुलगा रक्ताची बाटली आणायला गेलेला. बाबांचे ओठ पार फाटलेले. ते मला म्हणाले, बाई, पाणी. मी म्हणाले, बाबा, मुलगा येईलच एवढ्यात. खरं सांगते, मी मुद्दाम म्हणाले. अकरा दिवसांचं माझ्या पोटात होतं. ते परत म्हणाले, तूच दे. मग मी दिलं. त्यांनी बोळा चोखला आणि माझं मनगट धरलं. मुलगा येईपर्यंत सोडलं नाय.

"इतकी वर्षं मला वाटायचं, त्या दिवशी मी त्यांच्यावर उपकार केले. परवा आमच्या मास्तरांनी वाचून दाखवलं तेव्हा निराळं कळलं. प्रभूनं पाणी कोणाकडं मागितलं? त्याची आई तिथंच उभी होती. पण जवळ होते ते खिळे ठोकणारे. त्यांनी दिलं आणि त्यानं घेतलं. तोंड फिरवलं नाय. देवाची योजना लय मोठी, मास्तर दरवर्षी सांगतात, ती मला सगळी कळत नाय. एवढंच कळलं, की देवानं आपल्या पोराचं शेवटचं पाणी वैऱ्याच्या हातात ठेवलं. म्हणजे त्या हातांनाही एक चांगलं काम करायला जागा राहिली. पोटात राग माझ्याही होता. बाबांनी मागितलं म्हणून मलाही ती जागा मिळाली. एवढंच."

त्या उतरायला लागल्या तरी पेटीवाल्याला पुढचं गीत सुरू करायचं भान राहिलं नाही. मास्तर पुढे पाहत बसले होते. पाणी कोणाकडे मागितलं, हा प्रश्न एकोणीस वर्षांत आपल्याला पडला नाही, हे त्यांना लख्ख कळलं. पण त्याचा सल वाटला नाही. उलट बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला कोपराने ढोसून सांगावं, ही माझी बायको आहे, असं त्यांना वाटलं, आणि साठी उलटलेल्या माणसाने असं करू नये म्हणून ते हात गुडघ्यांवर दाबून बसले.

तीन वाजता उपासना संपली. बाहेर कडुनिंबाच्या सावलीत बायकांनी कलाबाईंना घेरलं. एकेक जण त्यांचे हात हातात घेत होती. भिंगारदिवे वकील मास्तरांपाशी आले. "मास्तर, मी फोनवर बोललो ते विसरा," ते म्हणाले. "माझी आई झाडूवाली होती, तिच्याही हातचं पाणी चालायचं नाही. मी कधी पुलपिटावरून हे सांगितलं नाही."

मनमाडहून आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण?"

"आमची मंडळी," मास्तर म्हणाले.

"हो, मंडळीतल्या आहेत ते कळलं. पण तुमच्या कोण?"

"अहो, माझी बायको," मास्तर जरा मोठ्यानेच म्हणाले.

घरी चालत जाताना त्यांनी कलाबाईंची पिशवी घेतली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "त्या बाबांची गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस."

"सांगितली होती की. त्याच दिवशी, घरी आल्यावर. तुम्ही सहामाहीचे पेपर तपासत होता."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, हं."

मास्तर थांबले. रस्त्यात उभे राहून त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि कलाबाईही हसल्या.

कोपऱ्यावर वाळू नावाचा इस्त्रीवाला टपरीत बसला होता. चर्चशी त्याचा काही संबंध नव्हता, पण मास्तरांचा सदरा दर उत्तम शुक्रवारसाठी तोच करून द्यायचा.

"काय मास्तर, कसं झालं आजचं भाषण?"

"आज माझं नव्हतं, हिचं होतं," मास्तर म्हणाले.

"अहो, चला आता, ऊन हाय," कलाबाई म्हणाल्या.

"तू हो पुढे," मास्तर म्हणाले. पिशवी टपरीच्या फळीवर टेकवली आणि त्यांनी वाळूला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.